मगदूम मॅडम आणि दाढेवरचा खड्डा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उचगावहून सायकलने राजारामपुरीत आलो आणि डॉ. गिरिजा मगदूम यांच्या दवाखान्यात दंततंत्रज्ञ म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी मॅडमनी एका रुग्णाच्या दातांचा प्लास्टरचा साचा हातात दिला. ओतताना हवेचा बुडबुडा राहून एका दाढेवर मोहरीएवढा खड्डा पडला होता. "खड्डा दिसला की आधी मेणानं बुजवायचा. मग पुढचं काम," मॅडम म्हणाल्या. माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावरच्या उपचारात मॅडमचा हातखंडा. कानापुढचा हा सांधा आखडला की तोंड उघडत नाही, घास चाववत नाही. अशा रुग्णाला दातांवर बसणारी पारदर्शक पट्टी, म्हणजे स्प्लिंट, द्यावी लागते. ती मी हाताने घडवत असे आणि, खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. मॅडमनी एकदा स्वतःसाठीही स्प्लिंट करवून घेतली आणि महिनाभर वापरली. "रुग्णाला काय टोचतं ते आपल्याला नको कळायला?" असे त्यांचे म्हणणे.

दोन हजारनंतरच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मॅडमनी स्कॅनर आणला. साचा त्यात ठेवायचा, संगणकाच्या पडद्यावर स्प्लिंट आखायची आणि पुण्यातल्या यंत्राने ती कोरून पाठवायची. सगळे यंत्रच करणार, तर या तानाजीने काय फक्त खोकी फोडायची?

पहिल्या रुग्ण होत्या शेवंताबाई, इचलकरंजीच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरणाऱ्या. त्यांचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडे. भाकरी दुधात कुस्करून गिळायच्या. त्यांच्या साच्यात मला खड्डा दिसला. मी मेण हातात घेतले आणि मुद्दाम खाली ठेवले. बघू या, यंत्राला काय कळते ते!

यंत्राने इमानेइतबारे नक्कल केली. खड्ड्याच्या जागी स्प्लिंटला आतून उंचवटा आला. मॅडमनी ती बसवून बघितली, तर शेवंताबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हे डुगडुगतंय की!" आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "यंत्रानं बी व्हईना म्हंजे माझं तोंड आता उघडायचं न्हाय."

मला धरणी दुभंगावी असे झाले.

मॅडमनी साचा मागवला, उजेडात धरला, माझ्याकडे एकदा पाहिले. "चूक माझी आहे, मावशी. साचा मी तपासायला हवा होता," त्या म्हणाल्या आणि स्वतः कानस घेऊन उंचवटा घासायला बसल्या. स्प्लिंट चपखल बसली.

शेवंताबाई गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीने उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "यंत्राला खड्डापण दाढच वाटते, तानाजीराव. तुम्हाला फरक कळतो. उद्यापासून स्कॅनर तुम्ही चालवायचा."

"मॅडम, मला इंग्रजी कुठं येतंय?"

"ईल की."

पडद्यावरच्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ त्यांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून संगणकाला चिकटवला. रोज दुपारी जेवण लांबवून त्या माझ्याशेजारी बसत. माऊस धरला की मी भलतीकडेच टिचकी मारायचो. पण मॅडम एकदाही हसल्या नाहीत.

काही महिन्यांनी शेवंताबाई फडक्यात कडक भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधून आल्या. आमच्यासमोर त्यांनी दातांनी तुकडा तोडला. "आता मागाच्या खडखडाटातबी माझी हाक पल्याड जाती!" म्हणाल्या. मी तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेलो.

आज निपाणी-गारगोटीपासून रुग्ण येतात. स्कॅनरखाली जाण्याआधी प्रत्येक साचा माझ्या हातातून जातो आणि शेजारी मेणाची वडी असतेच. दवाखान्यात कामाला लागलेल्या नवीन मुलींना मॅडम सांगतात, "आधी तानाजीरावांना दाखवा."

मॅडम साठीच्या झाल्या. वाडीच्या दत्तमहाराजांकडे माझे एवढेच मागणे आहे, की मॅडमची नजर, गुडघे आणि दात असेच शाबूत राहोत आणि शंभराव्या वाढदिवशी त्यांनी शेवंताबाईंच्या घरची कडक भाकरी स्वतःच्या दातांनी मोडावी.

संपादकांकडे देण्याआधी हा लेख मी मॅडमना वाचायला दिला. त्यांनी लाल पेन्सिलीने एकच शब्द खोडला, 'मुद्दाम'. म्हणाल्या, "त्या दिवशी उजेड कमी होता, तानाजीराव."

तो मी पुन्हा लिहिला आहे. मॅडमचे न ऐकण्याची ही माझ्या आयुष्यातली दुसरी वेळ.