रुखमाबाईच्या हातची लाखोळी

आपल्या मातीत पिकेल तेच खावं, तेच अंगी लागतं, असं कुणी सांगू लागलं की मला रुखमाबाई आठवते आणि डोकं फिरतं. तिनं जन्मभर दुसरं काही खाल्लंच नव्हतं.

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात धान उभा असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, लाखोळीचं बी फेकायची रीत. ना नांगर, ना पाणी, तरी पीक यायचं. तांदूळ मालकाच्या घरात जायचा, मजुरांना मजुरी म्हणून लाखोळीची डाळ. पदरी पडलं पवित्र झालं! बायका डाळ उकळून पहिलं पाणी फेकायच्या. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. त्या साली पावसानं दगा दिला, धान करपला, लाखोळी तेवढी तगली. दोन्ही वेळा तीच, भाकरही तिचीच. अशा दिवसांत उकळलेलं पाणी फेकायचं रुखमाबाईच्या जिवावर आलं. मीठ-मिरची घालून ती ते नवऱ्याला, सोमाजीला, प्यायला देई. स्वतः खरवडीवर भागवी.

"नवऱ्याले जावयावानी वाढते वं!" बाया चिडवत आणि ती लाजे.

आषाढ लागता लागता सोमाजीच्या पोटऱ्या ताठल्या. टाच टेकेना, चालताना पाय कातरीसारखे एकमेकांत अडकू लागले.

"तुमाले अन्न कमी पडून राह्यलं," म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी लाखोळी वाढली. माउली, तुझ्या मायेला काय म्हणावं!

शेवटी ब्रह्मपुरीहून डॉक्टर आला. त्यानं पाय ठोकून पाहिले.

"लाखोळीतल्या विषानं पाय गेले. ते उकळलेल्या पाण्यात उतरतं. आता परत येणार नाहीत. पुन्हा ती खाऊ घालू नका."

"मंग खावं काय, डॉक्टरभाऊ?"

माणूस चांगला होता. फी न घेताच निघून गेला.

रुखमाबाईनं रानातून तरोट्याची भाजी, बांबूचे कोंब आणून सोमाजीला खाऊ घातले. श्रावण सरला, भाजी निबर झाली, कोंबांचे बांबू झाले. घरात पुन्हा लाखोळीच शिजली. सोमाजीचं ताट रिकामं ठेवून ती रडत बसली.

तो हातांवर सरकत चुलीपाशी आला.

"वाढ ना वं. गेलेले पाय आणखी कुठी जातीन?"

तिनं वाढलं. एरवी तो जेवेपर्यंत ती समोरून हलत नसे. त्या दिवशी उठून अंगणात गेली.