वर माणसं आहेत तोवर

नेवासा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवत होते. आठवडाभर नेवाशात खोली करून राहायचं आणि शनिवारी नगरला, सावेडीतल्या घरी यायचं, असं माझं चाललेलं असे. अंतराळस्थानकाचा धडा आला की पुस्तकातलं धूसर चित्र दाखवायचं आणि पान उलटायचं, हेही बरीच वर्षं चाललं. मग शाळेत इंटरनेट आलं, आणि एक दिवस मला कळलं की ते स्थानक आपल्या गावावरून जातं तेव्हा नुसत्या डोळ्यांना दिसतं. दुर्बीण लागत नाही. फक्त वेळ आणि दिशा माहीत पाहिजे.

मी मुलांना सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मैदानावर या, घरच्यांनाही आणा. निम्मं गाव आलं. आणि ढगही आले. साडेसातपर्यंत वाट पाहून माणसं माना चोळत घरी गेली. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करताना मुख्याध्यापकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते पुरेसं होतं.

तीन दिवसांनी पुन्हा वेळ होती. या खेपेला मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. एकटीच मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला एक मावशी होत्या, त्यांचं घर शाळेच्या कुंपणाला लागूनच. शेळ्या बांधून त्या बाहेर आल्या.

“बाई, अजून घरी गेल्या न्हाईत?”

“ते परवाचं बघायला थांबले.”

“आज तरी दिसंल का?”

मी उत्तर द्यायच्या आत उसाच्या शेंड्यांवरून एक ठिपका वर आला. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता. चांगला ठसठशीत, पांढरा, आणि त्याला घाई असल्यासारखा. आमच्या डोक्यावरून गेला आणि पूर्वेकडे उतरता उतरता मधेच विझला.

“पडलं का काय?” मावशी दचकल्या.

“नाही. पृथ्वीच्या सावलीत गेलं. आहे, फक्त दिसत नाही.”

त्या विझलेल्या जागेकडे बघतच त्या म्हणाल्या, “आत मानसं हायेत म्हन्ता?”

“सहा जण आहेत.”

“मग त्यान्ला करून कोन घालतं?”

विज्ञान शिकवण्याच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, पाकिटं असतात, वाळवलेलं अन्न असतं, पाणी घालून गरम करतात. भाकरी चालत नाही, तिचा चुरा हवेत उडत बसतो. पोळीसारखं काहीतरी मऊ असतं.

“साठ-सत्तर पोरांचं रोज करते मी,” मावशी म्हणाल्या. “सहा मान्सांचं काय अवघड हाय! पर चूल कुठं पेटवायची तिथं.”

त्या दिवसापासून मावशींनी ते मनावर घेतलं. शाळा सुटायच्या वेळेला त्या हात पुसत वर्गाच्या दारात यायच्या. “आज हाय का?” असलं तर मी वेळ सांगायची, नसलं तर कधी आहे ते सांगायची. दिशा आम्ही गावाच्या भाषेत ठरवल्या होत्या. वायव्य म्हणजे मारुतीचं देऊळ, नैर्ऋत्य म्हणजे पाण्याची टाकी. एकदा एका पालकांनी ठिपका बघून हात जोडले, तर मावशींनी त्यांना तिथल्या तिथं अडवलं. “हात काय जोडता? देव न्हाईत ते. कामाला गेलेली मानसं हायेत.”

पुढे माझी बदली नगरजवळच्या शाळेत झाली. मग वेळ फोनवर सांगायची पद्धत पडली. मावशींना वाचता येत नव्हतं, तेव्हा मेसेजचा उपयोग नव्हता. “मावशी, उद्या पहाटे पाच चाळीस. टाकीकडून.” दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवत असताना त्यांचा फोन यायचा. “गेलं हो बाई. लई झक्क दिसलं.” बोलणं अर्ध्या मिनिटाचं. पण वर स्थानकात कुणी जागं आहे, खाली मावशीही जाग्या आहेत, एवढं कळलं की माझा दिवस बरा सुरू व्हायचा.

मग माझ्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. ती काढली, गाठ साधीच निघाली, पण आवाज गेला. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती की असं क्वचित होतं, सहा महिन्यांत येईलही, कदाचित पूर्वीसारखा येणार नाही. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज. आता तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर पडायची. मी रजा टाकली आणि घरात बसले. फोन वाजला की नवऱ्याला खूण करायची, सांग, झोपलीये. भेटायला येणाऱ्यांचा सहानुभूतीचा चेहरा नको वाटायचा. आकाशाकडे बघायचंही मी सोडून दिलं.

एका सकाळी बेल वाजली. नवऱ्यानं दार उघडलं तर मावशी. एका हातात शाळेतून पत्ता लिहून घेतलेला वहीचा कागद, दुसऱ्या हातात पिशवी. एसटीनं नगरला उतरून, कागद दाखवत दाखवत रिक्षानं सावेडीत आल्या होत्या आणि तीन मजले चढल्या होत्या. जिन्यानं दम लागला होता, तरी दारातूनच बोलायला सुरुवात.

“टायम सांगायचा बंद झाला. म्हनलं, बाई रुसल्या तरी, न्हाईतर काही झालं तरी.”

मी गळ्याकडे बोट दाखवलं. सवयीनं टेबलावरची वही ओढली आणि ‘आवाज गेला’ असं लिहून त्यांच्यासमोर धरलं. मग लक्षात आलं की त्यांना वाचता येत नाही. माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही असं वाटून मला रडू कोसळलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मावशींनी पिशवी खाली ठेवली. माझ्या शेजारी बसल्या. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, त्या तशा नव्हत्याच. म्हणाल्या, “थांबा. तुमी बोलू नका. मी बोलते, तुमी बोटं दाखवा. आज हाय का?”

मला माहीतच नव्हतं. मी मोबाईल उघडून पाहिलं. होतं. मी सात बोटं दाखवली. मग दोन, मग पाच.

“सात पंचवीस?”

मी मान हलवली.

“मग मी आज जात न्हाई. बघूनच जाईन.”

पिशवीत शेपू होता, भुईमुगाच्या शेंगा होत्या. दुपारी मावशींनी माझ्याच ओट्याशी उभं राहून भाजी केली आणि बोलत राहिल्या. कुणाची म्हैस व्याली, नवीन आलेले सर कसे आहेत, खिचडीला आता गॅस मिळालाय पण त्याला चुलीची चव नाही. महिन्याभरात आमच्या घरात इतका आवाज झाला नव्हता. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उगाच उभा राहत होता.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. इमारतीतली चार-पाच माणसं तिथं फेऱ्या मारत होती. ठिपका वर येताच मावशींनी सगळ्यांना हाका मारल्या. “इकडं या, इकडं! विमान न्हाई ते. आत मानसं हायेत. वाळवलेलं खात्यात, पानी घालून. आता बघा, ते मधीच विझंल. घाबरू नका, सावलीत जातं ते.”

शब्द माझेच होते. जे मी मैदानाच्या कडेला सांगितलं होतं ते त्या माझ्या शेजाऱ्यांना सांगत होत्या, माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर मान वर करून एखाद्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. मी हसले. आवाज आला नाही, पण हसले.

त्यानंतर मावशींची नात व्हिडिओ कॉल लावून द्यायची आणि मी पडद्यावर बोटं दाखवायची. आवाज यायला सात महिने लागले. घोगरा, जाडसर, दुसऱ्या कुणाचा तरी वाटणारा. पहिला फोन मी मावशींनाच केला.

“कोन बोलतंय?”

“मी. बाई.”

“जरा बसलाय आवाज. पर हाय.”

त्या आवाजावर मी उरलेली वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाले.

गेल्या हिवाळ्यात मी वर्तमानपत्रात सविस्तर वाचलं, की ते स्थानक जुनं झालंय, काही वर्षांत ते मुद्दाम खाली आणून समुद्रात बुडवणार आहेत. अधूनमधून कानावर आलं होतं, पण असं एकाखाली एक छापलेलं पाहिल्यावर मन थाऱ्यावर राहिना. मावशींना हे फोनवर सांगायचं नाही, असं ठरवून मी एसटी पकडली.

मावशी आता खिचडी करत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. घरासमोरच्या ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. मी चहा होईपर्यंत कसंबसं थांबले आणि सांगून टाकलं. किती वर्षं माणसं सलग तिथं राहिली, एक दिवसही ते रिकामं नव्हतं, आणि आता ते बंद होणार.

मावशींचे हात सुपात थांबले. “मानसं आधी उतरवनार ना?”

“हो. सगळी उतरवून, रिकामं करून, मग.”

“कुनाच्या डोक्यावर पडनार न्हाई?”

“नाही. मोठ्या समुद्रात, जिथं कुणी राहत नाही तिथं.”

“मग ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि हात पुन्हा चालू झाले. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मग वर कोनीच न्हाई राहनार?”

“दुसऱ्या एका देशाचं आहे. आणखीही बांधणार म्हणतात. आपलेही लोक करतायत तयारी.”

“तेबी दिसंल का हितनं?”

“दिसेल. वेळ बघावी लागेल.”

“तुमी बघाल.”

मी बरीच वाक्यं घेऊन आले होते. बसमध्ये मनातल्या मनात घोकलीही होती. प्रत्यक्षात मी एवढंच म्हणाले, “मावशी, तेव्हा तुम्ही सावेडीला आलात ना, ते फार बरं केलंत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुपातला खडा बाजूला टाकला. “तुमी मला वर बघायला लावलं. न्हाईतर आमी कशाला मान वर करतोय.”

तीन वाजता त्या काठी टेकत माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या. फाट्यापर्यंत जाणारा एक टेम्पो त्यांनी हात करून थांबवला आणि ड्रायव्हरला दम भरला, “बाईंना म्होरं बसव. अन् सावकाश ने.” मी पुढे बसले. मावशी टेम्पो वळेपर्यंत तिथंच उभ्या होत्या, डोळ्यांवर हाताची सावली धरून.