सात ध्यानात ठेवा

चहा आधी घेऊन टाकते. कारण मी काय करून बसले ते ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहाला बोलवाल की नाही, याची मला शंकाच आहे.

शंका! हाच तो शब्द. ह्यानेच माझी पार वाट लावली.

मी व्हायोलिन वाजवते, हे तुम्हाला माहीत आहेच. आधी वीस वर्षं गायकांच्या बाजूला बसून साथ केली, मग स्वतःच्या मैफली मिळायला लागल्या. तळेगावात घरीच शिकवते. आणि गेली काही वर्षं स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येतात. बोटं थोडी मंदावली की माणसाला परीक्षक करतात, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

स्वभावाने मी संशयी. दूधवाला हसून बोलला तरी मी त्या दिवशी दूध दोनदा निरखून बघते. पण हा संशय काही जन्मजात नाही हो. अगदी पहिल्यांदा परीक्षक झाले, तेव्हा ज्यांनी फुकट हॉल दिला होता त्यांच्या पुतण्याला पहिला नंबर मिळाला. त्याच्या दोन तारा उतरलेल्या होत्या! मला ऐकू येत होतं. पण शेजारी मोठमोठी माणसं बसलेली, मी मान खाली घातली आणि सही केली. दुसरा आलेला मुलगा फार गोड वाजवायचा. वर्षभरात त्याने व्हायोलिन विकून टाकलं, असं पुढे कानावर आलं.

ते मला फार लागलं. तेव्हापासून ठरवलं, पुन्हा कुणाच्या दबावाखाली यायचं नाही. डोळे उघडे ठेवायचे. आता ते इतके उघडे ठेवले की भलतंच दिसायला लागलं, त्याला काय करणार?

तर गेल्या थंडीतली गोष्ट. लोणावळ्याच्या एका संगीत मंडळाची व्हायोलिनची स्पर्धा होती, अठरा वर्षांखालच्या मुलांची. सबनीस म्हणून सेक्रेटरी आहेत, भला माणूस. मी त्यांना फोनवरच अट घातली, "स्पर्धक पडद्यामागे बसतील. नाव नाही, गाव नाही, गुरूचं नाव नाही. फक्त नंबर."

"ताई, अगदी तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले.

एवढ्या पटकन कसे तयार झाले? तिथेच मला पहिला संशय आला.

रविवारी सकाळी हॉलवर पोचले. पॉइंटवर जाणाऱ्या गाड्यांची ही रांग लागलेली. फाटकाशी रिक्षातून उतरते न उतरते, तोच एक पांढऱ्या टोपीवाला माणूस पुढे आला. हातात ही जड पिशवी.

"तुमीच का त्या वायलीनवाल्या बाई?"

"हो. का?"

"ह्यो तांदूळ तुमास्नी. घरचा इंद्रायणी हाय. लय वास हाय बगा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजी? खायाला!"

"अहो, पण पाठवला कुणी?"

"सायबांनी सांगितलं." आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाईंच्या हातातच द्या म्हनले. दुसऱ्या कुनाकडं देऊ नगा."

आता तुम्हीच सांगा! स्पर्धेच्या दिवशी, हॉलच्या फाटकाशी, परीक्षकाच्या हातातच द्यायचा तांदूळ! मी व्हायोलिनची पेटी छातीशी धरली आणि दोन पावलं मागे सरकले.

"कोण साहेब?"

"नाव काय ठाव न्हाई बा. फोनवरच बोलनं झालं." त्याने पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि बोट वर करून म्हणाला, "सात हाय बरं का ताई. सात ध्यानात ठेवा. तीन मागनं."

सात ध्यानात ठेवा! तीन मागनं! सात नंबर पहिला, तीन नंबर त्याच्या मागे. चक्क निकालच सांगून गेला की हो माणूस!

"अहो थांबा! मी असली बाई नाही!" मी ओरडले. तोपर्यंत गडी फटफटीला किक मारून गेलासुद्धा.

मी तडक सबनीसांना गाठलं. नाव घेतलं नाही, नंबर सांगितला नाही. कारण काय, तर सबनीसच साहेब असले तर? नुसतं म्हटलं, "फाटकापाशी तांदळाची पिशवी आहे. मला त्यातला एक दाणा नको. तुम्ही तिचं काय करायचं ते करा."

सबनीसांचे डोळे भरून आले. "ताई, मोठं मन आहे हो तुमचं," म्हणाले. मला काही कळेना. साधा माणूस इतका छान अभिनय करतो, म्हणजे केवढा मुरलेला असेल!

मग त्यांनी परीक्षकांच्या टेबलावर चिक्कीचा बॉक्स आणून ठेवला. मी तो उलटा करून बघितला. खाली पाकीट वगैरे नव्हतं. चिक्कीचे तुकडे तेवढे सांडले.

दुसरे परीक्षक होते पुण्याचे बर्वे सर. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य व्हायोलिनमध्ये गेलेलं, संत माणूस. ते खाली वाकून चिक्की गोळा करत म्हणाले, "अगं, काय शोधतेस?"

"काही नाही सर. जपून असावं माणसानं."

"चिक्कीपासून?"

स्पर्धा सुरू झाली. तीन नंबर आला. काय वाजवलं म्हणून सांगू! सूर कधी वरून जायचा, कधी खालून. तबलजीच घाबरून सांभाळून घेत होता. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, ह्याच्यासाठी तांदूळच लागणार. बिनतांदळाचा हा कुठेच पोचायचा नाही.

मग बाराच्या सुमाराला सबनीसांनी पुकारलं, "नंबर सात."

आणि पडद्यामागून वृंदावनी सारंग सुरू झाला.

खरं सांगते, पहिल्या दोन मिनिटांत मी पेन खाली ठेवलं होतं. असा ओलावा त्या सुरात! घाई नाही, दाखवेगिरी नाही. हॉलमधली कुजबुज आपोआप थांबली. बर्वे सरांनी डोळे मिटले. माझेही मिटत आले होते, तेवढ्यात ते बोट डोळ्यांपुढे आलं. सात ध्यानात ठेवा.

आता साधा प्रश्न आहे. एवढं चांगलं वाजवणाऱ्याला लाच द्यायची गरजच काय? मला हा प्रश्न पडला नाही का? पडला. पण संशयी माणसाकडे उत्तर तयारच असतं. मी म्हटलं, खात्री करून घेत असतील!

आणि मी चूक शोधायला लागले. आता शोधायचीच म्हटल्यावर सापडते हो. दर आवर्तनात, समेवर यायच्या आधी, सात नंबरचा बो, म्हणजे गज, तारेवरून केसभर उचलला जात होता. अगदी केसभर. पडद्यातून दिसत नाही, पण आम्हाला ऐकू येतं. समेच्या दारात येऊन क्षणभर कचरायचं, मग आत पाऊल टाकायचं, तसं.

सापडलं! मी शंभरपैकी एक्केचाळीस गुण दिले. खाली शेरा लिहिला, "समेआधी बो उचलण्याची वाईट खोड. ही गुरूकडूनच आलेली दिसते. गुरू बदलावा." आणि झोकात सही ठोकली. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या सहीचा बदला घेतल्यासारखं वाटलं मला!

शेजारी डोकावले. बर्वे सरांनी चौऱ्याण्णव दिले होते.

मी चमकले. सरसुद्धा? ह्या वयात? ह्यांना किती किलो मिळाला असेल?

जेवायची सुट्टी झाली. मागच्या पडवीत पंगत होती, मसालेभात. वास असा सुटला होता की मी संशय बाजूला ठेवून दोनदा वाढून घेतला. तेवढ्यात फोन बघितला. सुधीरचे, म्हणजे आमच्या नवऱ्याचे, नऊ मिस्ड कॉल. सकाळपासून फोनचा आवाज बंद होता ना.

"अगं, तांदूळ मिळाला का?" त्याने पहिलंच वाक्य टाकलं.

"कु... कुठला तांदूळ?"

"भाजे गावच्या किसनचा! ऑफिसमधल्याने नंबर दिला होता. दहा किलो सांगितला होता. तू येताना मंडळाच्या गाडीनेच येणार, म्हणून म्हटलं तुझ्या हातातच द्या. तो म्हणत होता, आज सातच किलो आहे, तीन मागाहून देतो. सांगितलं ना त्याने तुला?"

हातातला घास मी परत पानात ठेवला.

"सांगितलं," मी म्हटलं. "नीट ध्यानात ठेवायलाही सांगितलं."

तेवढ्यात सबनीस पंगतीत उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, आजचा इंद्रायणी तांदूळ आपल्या परीक्षक ताईंनी मुलांसाठी दिलाय. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

पण हसू आलं नाही हो. भाताचं काही नाही. मला एकदम ते एक्केचाळीस गुण आठवले. मी धावत सबनीसांकडे गेले. "गुणांचे कागद कुठे आहेत?"

"मुलांना वाटले की! निकाल दुपारी तीन वाजता आहे, पण शेरे आधीच देतो आम्ही. शिकायला बरं पडतं मुलांना."

"सात नंबर?"

"तिलाही दिला. जेवली नाही ती पोरगी. मागच्या पायऱ्यांवर बसलीये म्हणे."

मी बर्वे सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पिशवी, साहेब, सात, तीन, सगळं. त्यांना किती किलो मिळाला असेल असं मनात आलं होतं, तेही सांगून टाकलं.

"मी गुण बदलते, सर."

"कागद तिच्या हातात आहे, बाई. हळूच बदललेस तर लोकांना काय वाटेल? खरोखरच कुणीतरी काहीतरी दिलं, असंच वाटेल."

खरं होतं. मी स्टेजवर गेले. माइक हातात घेतला आणि भरल्या हॉलसमोर सांगून टाकलं की मी नवऱ्याने मागवलेल्या तांदळाला लाच समजले, आणि त्या रागात एका चांगल्या वाजवणाऱ्या मुलीचे गुण कापले. माझे सगळ्या मुलांचे गुण रद्द करा, फक्त सरांचे धरा.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग अख्खा हॉल. सबनीस तेवढे गंभीर चेहऱ्याने विचारत होते, "म्हणजे ताई, तांदूळ तुम्ही दिला नव्हता का?"

सरांच्या गुणांनी सात नंबर पहिला आला. तीन नंबर मागेच राहिला, त्याला किसनभाऊ तरी काय करणार!

सात नंबरचं नाव पुकारलं. परंदवडीची मुलगी, नववीत असेल. दोन वेण्या, रडून सुजलेले डोळे. माझा कागद घडी घालून मुठीत धरलेला. आणि तिच्या मागून तिच्या गुरू आल्या, त्यांना बघून मी माइकच्या स्टँडला धरून उभी राहिले.

वैशाली! माझी वैशाली. बारा वर्षं माझ्या घरी, माझ्या समोर बसून शिकलेली. लग्न होऊन सोमाटण्याला गेली, तिथे शिकवते एवढंच मला माहीत होतं. तिने वाकून नमस्कार केला.

"ताई, तुम्ही परीक्षक, म्हणून सकाळी मुद्दाम भेटले नाही. कुणाला उगाच संशय नको."

"अगं वैशाली..."

तिने मुलीच्या हातातला कागद घेतला, उलगडला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण ताई, समेआधी बो उचलायची ही खोड मला तुमच्याकडूनच लागली. मला वाटायचं, ती आपल्या घराची खासियत आहे. मी हिला घासून घासून शिकवली."

बर्वे सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "तीस वर्षं ऐकतोय मी तुझं. दर समेला उचलतेस. म्हटलं, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं! देवाशपथ सांगते, माहीत नव्हतं.

मी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "बाळा, तुझी काही चूक नाही. खोड तुझ्या बाईंचीही नाही. माझी आहे."

मुलगी विचारात पडली. नाक पुसलं आणि अगदी मनापासून, काळजीने विचारलं, "मग मॅडम, आता तुम्ही कुणाकडे जाणार शिकायला?"

घ्या!

माझे गुरू जाऊन दहा वर्षं झाली. दुसऱ्या कुणाकडे ह्या वयात कुठल्या तोंडाने जाऊ? शेवटी मी वैशालीलाच गळ घातली. आता दर रविवारी मी वाजवून तिला फोनवर रेकॉर्डिंग पाठवते. ती आणि ती पोरगी, दोघी मिळून तपासतात, आणि गुणांसकट शेरा कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतात.

परवा दहापैकी साडेपाच मिळाले. खाली शेरा होता, अक्षर त्या पोरीचं,

"प्रगती आहे. पण मॅडम अजून समेवर संशय घेतात."