कॅमेरा नको म्हणत होता

सुरगाण्याला जायचं ठरलं ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, आणि ठरवलं मीच. काशिनाथ आणि मी सातपूरला एकाच कंपनीत आहोत. त्याचं गाव सुरगाण्याच्या अलीकडे डोंगरात. जेवताना तो सहज म्हणाला, "बहिणीचं, मंदाचं, माघात लग्न आहे. भात झोडून झालं की थोरला भाऊ देवराम बायकोला घेऊन द्राक्षाच्या कामाला निघेल. सगळे घरी आहेत तोवर एक फोटो काढून घ्यायचाय. आमचा सगळ्यांचा मिळून एकही फोटो नाही. सुरगाण्यात कोणी फोटोवाला माहितीये का?"

"फोटोवाला कशाला? मी आहे ना," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

या ब्लॉगचे जुने वाचक माझ्या कॅमेऱ्याला ओळखतात. रोलवर चालणारा, माझ्याहून वयाने मोठा. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती काचेच्या बारीक फोडांचं एक कडं आहे, त्यावर पडणाऱ्या उजेडावरच त्याचं सगळं चालतं. रिंग 'ए'वर ठेवली की किती उजेड आत घ्यायचा ते तो स्वतः ठरवतो. उजेड कमी असेल तर बटण दाबलं जात नाही आणि बघायच्या खिडकीत एक लाल पान वर येतं. या कॅमेऱ्यावरून मी आजवर बऱ्याच जणांना व्याख्यानं दिली आहेत. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांची कीवही केली आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी पंचवटीतून निघालो. गाडी माझी, शेजारी काशिनाथ. तुम्हाला जायचं असेल तर दिंडोरी रोडने वणीवरून जा. वणीपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे वळणं आणि मधूनमधून खड्डे. रमतगमत गेलात तर तीन तास धरा. पेट्रोल नाशिकलाच भरून घ्या. दिंडोरीच्या अलीकडे मिसळ खाल्ली, ती ठीकठाक होती, पाव मात्र ताजे होते. द्राक्षबागांच्या कडेला निळ्या-काळ्या कागदाची पालं पडायला सुरुवात झाली होती. "आमच्याकडचेच लोक," काशिनाथ म्हणाला. "देवराम पण असाच राहील, शिमग्यापर्यंत."

वणीच्या पुढे एका वडाखाली चहाला थांबलो. समोर डोंगर उन्हात न्हाऊन निघाले होते. कॅमेरा काढला, बटण दाबलं, तर लाल पान! एवढ्या उजेडात? मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. भिंगावर हात धरला तर लाल पान. हात काढून कॅमेरा आभाळाकडे धरला, तर बटण दाबलं गेलं. म्हणजे काचेचं कडं जिवंत होतं. काच रुमालाने पुसली. मग लक्ष गेलं फिल्म कितीची ते सांगणाऱ्या आकड्याकडे. रोल दोनशेचा, आणि बॅगेत घासून आकड्याचं कडं सरकलं होतं पंचवीसवर. बिचाऱ्या कॅमेऱ्याला वाटत होतं, आत फारच मंद फिल्म आहे, तिला आठपट उजेड हवा. आकडा दोनशेवर आणला आणि वडाच्या सावलीतून काशिनाथचा फोटो खट्टकन निघाला.

"जमलं की, दादा!" काशिनाथ म्हणाला.

तुमच्या जुन्या कॅमेऱ्याने असा हट्ट धरला तर याच क्रमाने बघा: हात धरून, आभाळाकडे धरून, काच पुसून, आकडा तपासून. पुढच्या सगळ्या वाटेत मी काशिनाथला हेच ऐकवत होतो. हरभऱ्याच्या झाडावर चढलोच होतो, खाली उतरायला कोणी सांगितलं नाही.

काशिनाथचं घर रस्त्यापासून थोडं वर. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, वर कौलं, पुढे मोठं अंगण. अंगणात भाताचा पेंढा आणि लख्ख ऊन. वडिलांना सगळे बा म्हणतात. त्यांनी गाडीतून उतरताच माझ्या हातातली बॅग काढून घेतली. आई, देवराम आणि त्याची बायको, आणि मंदा. मंदा नाशिकला नर्सिंग शिकते. ती नवी साडी नेसून तयार होती.

आधी जेवण झालं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. चटणीने नाकातोंडातून धूर काढला, तरी मी तीनदा मागून घेतली. आई हसून म्हणाल्या, "शहरातला हाय, पण खातो आमच्यावानी."

मग फोटो. मी घरात फिरलो आणि एका कोपऱ्याच्या प्रेमातच पडलो. भात साठवायची उंच कणगी, तिच्याशेजारी देव, वरून कौलाच्या फटीतून आलेली उजेडाची एक रेघ. म्हटलं, इथेच. सगळ्यांना कणगीसमोर बसवलं.

मंदा म्हणाली, "दादा, इथे अंधार नाही का वाटत? बाहेर अंगणात बसतो ना."

"अंगणात काय, कोणीही काढेल," मी म्हणालो. "इथलं वातावरण बघ."

तिने मोबाईल भावाच्या बायकोकडे दिला होता, एक फोटो त्यावरही निघावा म्हणून. तो मी ठेवायला लावला. म्हणालो, "दोन दोन कॅमेरे असले की माणसं कुठे बघायचं ते विसरतात. मोबाईलचा फोटो उद्या कुठे हरवेल कळणारही नाही. हा कागदावर राहील. विश्वास ठेव." तिने मोबाईल घेतला आणि पदराखाली ठेवला.

बटण दाबलं. लाल पान. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सहा माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. आकडा दोनशेवरच होता, काच स्वच्छ होती. आभाळाकडे धरून बघायला मला दारापर्यंत जावं लागलं असतं, आणि दारात गेलो असतो तर डोळ्यांना तरी कळलं असतं की बाहेर केवढं ऊन आहे आणि आत किती काळोख. मी गेलो नाही. मघाशी एवढं ज्ञान पाजळल्यावर आता सगळ्यांना उठवून बाहेर न्यायचं, हे मला जमेना. "जुना झालाय, काचेतला दम गेला," असं मोठ्याने म्हणालो आणि रिंग 'ए'वरून काढून भिंगाच्या छिद्राच्या आकड्यांवर फिरवली. तसं केलं की हा कॅमेरा तक्रार करत नाही, म्हणाल तसा फोटो काढतो. सगळ्यांचे चेहरे स्पष्ट यावेत म्हणून छिद्रही लहान ठेवलं, म्हणजे होता तो उजेडसुद्धा अडवला. खट्ट. खट्ट. खट्ट. बांनी टोपी नीट केली, आणखी एकदा खट्ट.

"आला?" बांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो.

निघताना रिंग 'ए'वर आणली आणि अंगणातल्या पेंढ्याचे, वाटेतल्या डोंगरांचे फोटो काढत आलो. लाल पान एकदाही दिसलं नाही. ते का दिसत नाही, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

रोल धुवायला दिला होता तिथल्या माणसाने फोन केला. "बाहेरचे सगळे झकास आलेत. कॅमेरा मस्त चालतोय तुमचा. मधले तेवढे चार-पाच कोरे आहेत, टोपण काढायचं राहिलं का?" मी जाऊन निगेटिव्हची पट्टी उजेडात धरून पाहिली. डोंगर होते, पेंढा होता, वडाखालचा काशिनाथ होता. कणगीसमोरची माणसं नव्हती. एका चौकटीत कौलाच्या फटीची ती रेघ तेवढी आली होती.

इथवरही माफ होण्यासारखं होतं. पण काशिनाथला मी फोनवर काय सांगितलं, तर "कॅमेऱ्याने दगा दिला रे. आतलं काहीतरी बिघडलं तिथेच, तुमच्या घरी." तो म्हणाला, "जाऊ द्या दादा, जुनी वस्तू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." उलट मलाच धीर दिला. मी तो निमूट घेतला.

पुढच्या सोमवारी काशिनाथ कंपनीच्या गेटवर उभा. पायाशी गोणपाटाची पिशवी. "बांनी पाठवलाय. नवा तांदूळ."

"अरे, कशाला?"

"बा म्हणतात, पाहुण्याची वस्तू आपल्या घरात मोडली तर ती आपल्यावर असते. कॅमेऱ्याची किंमत आपल्याच्याने भरून होणार नाही, पण हातावर हात ठेवून बसायचं नाही. देवराम कामावर जायचा होता, त्याच्या वाट्यातलाही घातलाय."

ती पिशवी मला उचलवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. तिथेच, भोंगा वाजत असताना, मी सगळं सांगितलं. कॅमेरा धडधाकट आहे. तो अंधार आहे म्हणत होता, मंदाही तेच म्हणत होती, मी दोघांचंही ऐकलं नाही. वर तुमच्या घरावर ढकललं. काशिनाथ ऐकत राहिला. मग म्हणाला, "तांदूळ घेऊन जा. दिलेलं ते परत घेणार नाहीत. पण बांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." हे तो रागाने म्हणाला, आणि मला ते बरं वाटलं.

दुपारच्या सुट्टीत फोन लावला. बांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी कॅमेरा चांगला हाय?"

"हो बा, चांगला आहे."

"चांगलं झालं. मला लय घोर लागला व्हता. येवढी महागाची वस्तू, आमच्या घरात येऊन मोडली म्हनून." मग म्हणाले, "देवराम तर गेला कामावर. मालक लग्नालाबी सोडायचा न्हाई, आता शिमग्याला येल. तवा पोर आमची नसंल. मंदीला तूच सांग बाबा, ती रोज इचारते."

घरी आल्यावर बायकोने त्या तांदळाचा भात लावला. घरभर वास सुटला, मुलीने मागून मागून खाल्ला. मीही खाल्ला. या सहलीतून काय राहिलं म्हणून विचाराल, तर डोंगरांचे झकास फोटो आहेत, रस्ता बराच पाठ झाला आहे, आणि तांदळाची पिशवी आता निम्मी उरली आहे. खाली ठेवताना तिच्यावर काहीतरी झाकावंसं वाटतं.

मंदाला फोन करायला मला आणखी चार दिवस लागले. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरं. लग्नाला मात्र या दादा, वहिनींना आणि छोटीला घेऊन या. कॅमेरा घरी ठेवा."

मी येतो म्हणालो.