अर्ध्या मनोऱ्याचा नवस

लॉरेट गादब्वाला ऑलिम्पिकचा राग नेमका कशाने आला, असं आमच्या गल्लीत विचारलंत तर तळमजल्यावरचा ओव्हिला पेपँ सांगेल, चादरींमुळे. तेही खोटं नाही. सोमवारी बाई चादरी धुणार, मागच्या गॅलरीतून कप्पीची दोरी ओढत ओढत त्या गल्लीवर वाळत घालणार, आणि दुपारपर्यंत स्टेडियमच्या कामावरची सिमेंटची धूळ त्यांवर अशी बसणार की घडी घालताना चादर कडकड वाजायची. "मॉन्ट्रियलचं नाव साऱ्या जगात होणार म्हणे!" बाई गॅलरीतून ओरडायची. "आधी माझी उशीची खोळ पांढरी होऊ दे, मग नावाचं बघू!"

पण चादरी हे निमित्त. तिचा एकुलता एक मुलगा रेआल त्याच कामावर लोखंड जोडायला होता, आणि तोही वर, काँक्रीटच्या फासळ्या आकाशात वाकल्या होत्या तिथे. आधी संपात काम बंद पडलं, मग उद्घाटन जवळ आलं तशी साहेबांची झोप उडाली आणि दिवसरात्र पाळ्या सुरू झाल्या. त्या कामावर माणसं मेली होती, हे शहराच्या सगळ्या पूर्वभागाला माहीत होतं. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की लॉरेट हातातलं भांडं टाकून खिडकीशी धावायची. रेआल संध्याकाळी धडधाकट घरी आला की त्याच्यावर खेकसायची, "बूट बाहेर काढ, गाढवा!" जीव भांड्यात पडला हे सांगायची तिची हीच रीत.

रेआल तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा आणि उंचीचा शौकीन. "आई, वरून अख्खी नदी दिसते," तो जेवताना सांगायचा. "तू कपडे वाळत घालतेस तेसुद्धा दिसतं."

"म्हणजे तुला पगार माझ्या चड्ड्या बघायचा मिळतो?"

जानेवारीतल्या एका दुपारी भोंगा जरा जास्तच वेळ वाजत राहिला. लॉरेट घरातल्या सपाता घालूनच पुढच्या बर्फाळ गॅलरीत आली, डोंगराच्या दिशेला तोंड केलं, आणि डोंगरापलीकडच्या मोठ्या चर्चमधल्या संत जोसेफाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने नवस बोलली.

"जोसेफबाबा, कान उघडे ठेवून ऐक! हे स्टेडियम पुरं होऊ देऊ नकोस. नाही झालं पुरं, तर तुझ्या दारातल्या सगळ्या पायऱ्या गुडघ्यांनी चढेन!"

आता दुसरी कोणीही बाई म्हणाली असती, देवा, माझ्या पोराला सांभाळ. संपलं. पण लॉरेटने जन्मात कधी काही सरळ मागितलेलं नाही. मीठ हवं असलं तर ती शेजारणीला म्हणायची, तुमच्या घरी मीठ फार दिवस टिकतं हो. तिचा हिशेब असा, की काम होत नाही असं दिसलं की साहेब लोक हात टेकतील, गाशा गुंडाळतील आणि रेआल खाली उतरेल.

खाली ओव्हिला जिन्यावरचा बर्फ काढत होता. तो आमच्याकडचा कट्टर ऑलिम्पिकवाला. बायकोला माहेरी पाठवून आपली खोली खेळ बघायला येणाऱ्या बेल्जियमच्या जोडप्याला भाड्याने द्यायची आणि आपण स्वयंपाकघरात झोपायचं, हा बेत त्याने तेव्हाच पक्का केला होता. फावडं टेकून तो म्हणाला, "लॉरेटबाई, संत जोसेफ म्हणजे जातिवंत सुतार. काम अर्धवट ठेव म्हणून सुताराला सांगावं लागतं होय?"

"तू बर्फ काढ मेल्या!"

रेआल त्या दिवशीही घरी आला. त्याला काही झालं नव्हतं. पण नवस बोलून झाला होता आणि अख्ख्या गल्लीने तो ऐकला होता.

काम काही थांबलं नाही. वसंतात माती सुकली आणि धूळ दुप्पट झाली. जूनमध्ये स्टेडियमपर्यंत नवी मेट्रो आली. लॉरेटने जाहीर केलं, त्या पापाच्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही. मग एकदा पाऊस आला, आणि तेव्हापासून ती बाजारालाही मेट्रोनेच जायची. "डब्यात बसले म्हणजे मी त्यांची झाले असं नाही," ती म्हणायची. एक जुलैला भाडेकरार संपले आणि नेहमीप्रमाणे निम्म्या गल्लीने घरं बदलली. ज्याचा त्याचा मेहुणा पाठीवर फ्रिज घेऊन नागमोडी जिन्यावर अडकला आणि देव्हारा, प्याला, प्रसाद असं ओरडत सुटला; आमच्याकडच्या शिव्या सगळ्या चर्चमधल्याच. लॉरेट गॅलरीत खुर्ची टाकून बघत होती. ती कुठे जाणार? त्या गॅलरीतून रेआल दिसायचा, ठिपक्याएवढा का होईना.

आणि उद्घाटनाचा दिवस उगवला. इंग्लंडहून राणी आली, झेंडे आले, देशोदेशीची धट्टीकट्टी पोरं आली. स्टेडियम उभं होतं खरं, पण वर छप्पर नाही, आणि छप्पर ज्याला टांगायचं तो मनोरा निम्म्यातच खुंटलेला.

लॉरेटने टीव्ही लावला तो, तिच्या म्हणण्यानुसार, शिव्या घालायला. रेआल बनियनवर गॅलरीत उभा राहून ओव्हिलाच्या बेल्जियन पाहुण्यांना दाखवत होता, "ती फासळी दिसते ना? तिच्यातलं लोखंड माझं!"

"वाकडी आहे," आतून आई म्हणाली.

सगळ्यांत शेवटी आपली पोरं मैदानात आली. लोकांचा जल्लोष आधी खिडकीतून आला आणि मग टीव्हीतून. लॉरेट खुर्चीतून उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रेआलने बघितलं तेव्हा ती म्हणाली की सिमेंट गेलंय. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत सिमेंट गेलं होतं. याच लोकांनी आधी सहा वर्षं, हे खेळ शहरात आणले म्हणून, महापौरांच्या नावाने बोटं मोडली होती.

एवढ्यात खालून ओव्हिला ओरडला, "लॉरेटबाई, अभिनंदन! संत पावला की हो तुम्हाला!"

"काय पावला डोंबल? उद्घाटन झालं ना!"

"उद्घाटनाचं तुम्ही कुठे बोलला होता? स्टेडियम पुरं होऊ देऊ नको, असं म्हणाला होता. बघा वर. मनोरा अर्धा, छप्पर बेपत्ता. कधी निघताय गुडघ्यांवर?"

झालं! गॅलरी-गॅलरीतून खटला सुरू झाला. एक म्हणे, खेळ झाले म्हणजे नवस बाद. दुसरी म्हणे, संताने आपली बाजू पाळली, आता तोंड लपवलंत तर तो मनात ठेवेल. बेल्जियमच्या बाईंनी विचारलं, पायऱ्या लाकडी आहेत का दगडी? लाकडी आहेत, हे ऐकून त्या म्हणाल्या, मग काय हरकत आहे. लॉरेटने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या आत गेल्या.

लॉरेटचे गुडघे म्हणजे बुटांच्या कारखान्यात उभ्याने काढलेल्या जन्माची कमाई. जिना उतरतानाही ते कुरकुरायचे. शेवटी ती फादर केनेलकडे गेली. फादर दारातच भेटले, टोपी घालून, घाईत.

"फादर, अर्ध्या कामाला अख्खा नवस लागतो का?"

फादरनी घड्याळ बघितलं. त्यांच्याकडे मुष्टियुद्धाचं तिकीट होतं. "वचन म्हणजे वचन, लॉरेट. पण तुझं म्हणणं काय?"

"त्याने मनोरा अर्धा ठेवला. मीही अर्ध्या पायऱ्या चढते. वरच्या उरलेल्या पायऱ्या साध्या पायांनी चढेन, नाहीतर चढणारच नाही. सुताराशी व्यवहार चोख असावा."

"ठीक आहे, ठीक आहे," फादर म्हणाले आणि जवळजवळ पळतच मेट्रोकडे गेले.

खेळ संपले. पाहुणे गेले, ओव्हिला पुन्हा आपल्या पलंगावर झोपू लागला, आणि गल्लीत एकदम सुनंसुनं वाटायला लागलं. ज्यांनी सर्वांत जास्त शिव्या दिल्या होत्या त्यांनाच जास्त करमेना. ऑगस्टच्या एका रविवारी लॉरेट आणि रेआल आधी मेट्रोने, मग बसने डोंगरापलीकडे गेले. रेआलला आई एकटी पडेल, धडपडेल असं वाटत होतं, म्हणून तो आला. नवसाबिवसावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

लॉरेट नवसवाल्यांसाठी राखलेल्या लाकडी पायऱ्यांवर गुडघे टेकून चढायला लागली. एक पायरी, एक प्रार्थना, आणि मध्येच एक "आई गं". रेआल शेजारच्या दगडी पायऱ्यांवरून तिची पर्स धरून चालत होता. उन्हाने बाई लालबुंद झाली. तिच्या पुढची एक जाडी बाई थांबली की लॉरेट पुटपुटायची, "चला, चला, संत काय दिवसभर वाट बघणार आहे का?"

अर्ध्यावर पोचली तशी ती पायरीवर बसली आणि गुडघे चोळायला लागली. "फिटला," ती म्हणाली. "आता त्याचं माझं काही देणंघेणं नाही. तू खाली आलास, काम संपलं."

"संपलं कुठे?" रेआल हसला. तो खुशीत होता. "काल मुकादम भेटला होता. म्हणाला, अर्धा मनोरा काय असाच ठेवणार? पुन्हा काम काढतील, आणि काढलं की पहिला मला बोलावणार. वरचा भाग तर कलता आहे आई, आत्तापर्यंतच्या दुप्पट उंच! बरं झालं अर्धा राहिला. तुझ्या नवसाने मला वर्षानुवर्षांचं काम मिळालं बघ."

लॉरेटने गुडघे चोळायचं थांबवलं. ती मुलाकडे बघत राहिली. मग वळली आणि पुढच्या पायरीवर गुडघा टेकवला.

"आई? आता काय? अर्ध्याचं ठरलं होतं ना?"

तिने ऐकलं नाही. दुसरा गुडघा वर घेताना ती कण्हली, पण थांबली नाही. वरच्या घुमटाकडे बघून, आजूबाजूच्या सगळ्या भाविकांनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "जोसेफबाबा, मागचं सगळं विसर! माझं चुकलं. ते पुरं कर! मनोरा, छप्पर, सगळं! तू कर, तुझ्या हातांनी कर, आणि हा वर जायच्या आधी कर!"

रेआलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिची पर्स छातीशी धरून तो एक पायरी वर सरकला.

"आणि मग मी काय करू?" त्याने हळूच विचारलं.

"जमिनीवरचं काहीतरी बघ," लॉरेट म्हणाली आणि पुढची पायरी चढली.