विहिरीतला धुळा

शिवलिंगप्पा मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जांभळे होते. हात कोपरापर्यंत जांभळे, नाकाचा शेंडा जांभळा, खाजवून खाजवून डावा कान जांभळा आणि कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांवर अंगठ्याचा एक टपोरा जांभळा ठसा. रंगपंचमीला दोन महिने अवकाश होता. भर दुपारी ते शाळेच्या अंगणात उभे होते आणि त्यांच्या अंगाची अशी काही छाया पडली होती, की शेजारच्या कोंबड्या संध्याकाळ झाली असं समजून खुराड्यात जाऊन बसल्या होत्या. निदान मला तरी तसं वाटलं. मी नवा मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. नमस्काराला जोडलेले हात मी हळूच मागे घेतले.

"घाबरू नका की," ते म्हणाले. "लागण होत नाही. धुतलं की जातं."

पुढं चार महिने मी त्यांच्या शेजारच्या वर्गात काढले. ते गेलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

ही १९२८ सालची सोलापुरातली गोष्ट. जांभळेपणाचं मूळ होतं एक पितळी परात. सुताराचा सरस आणि दवाखान्यातलं ग्लिसरीन एकत्र शिजवून मास्तरांनी तीत थापलं होतं. दिसायला थेट खरवस. खास जांभळ्या शाईनं कागद लिहायचा, तो या खरवसावर दाबून उचलायचा. अक्षरं खरवसावर उतरायची. मग कोरे कागद एकेक करून दाबले की तीस-चाळीस प्रती निघत. अट एकच: नंतर परातीला एक दिवस विश्रांती हवी. शाई खाली मुरल्याशिवाय दुसरा मजकूर घेतला, तर जुनी अक्षरं नव्याच्या आडून डोकावत.

चौथीच्या वर्गाला मिळून गोष्टींचं एक पुस्तक होतं आणि ते कपाटात कुलपात होतं, कारण मुलांनी वाचलं तर खराब होईल. म्हणून मास्तर स्वतःच गोष्ट लिहीत आणि दर शनिवारी प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद ठेवीत. धुळा नावाचा मेंढपाळाचा पोरगा कोरड्या विहिरीत पडतो, तिथपर्यंत गोष्ट दिवाळीत आली होती. मी आलो तेव्हा तो विहिरीतच होता. शिमगा झाला, तरी विहिरीतच.

घरी वेगळीच तऱ्हा. सरस हाडं-कातडी उकळून करतात हे मल्लव्वांना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला, कुणीतरी सांगितलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "गळ्यात लिंग आणि हातात हाडकं? आधी अंघोळ, मग घर." मास्तर अंघोळ करीत, जांभळेच बाहेर येत, मल्लव्वा पुन्हा पाठवीत. शेवटी पाणी संपे आणि मास्तर ओसरीवर बसून जेवत.

एकदा दगडाबाई शाळेत आल्या. मास्तरांच्या वर्गातल्या गुंडाची ही आजी. गुंडा घरी मोठ्यानं वाचायचा आणि अख्खी चाळ ऐकायची.

"मास्तर, लई झालं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं लेकरू हिरीत हाय. भाकरी तरी सोडा की त्याला."

"बाई, ती गोष्ट आहे."

"गोष्ट हाय म्हून त्याला भूक न्हाय व्हय?"

"मनातली गोष्ट हो, मी केलेली."

"मला नगा शिकवू. गुंडा म्हनला, छापलेलं हाय."

पुढच्या शनिवारी दोरीला बांधून भाकरी खाली आली. लगेच गुंडानं हात वर केला. "मास्तर, दोरी आली तर त्यो वर का येईना?" त्यापुढच्या शनिवारी शेळीनं दोरी खाल्ली.

मी मास्तरांना विचारलं, "अहो, काढा ना एकदा त्याला बाहेर."

ते हळू आवाजात म्हणाले, "गुंडाच्या बापानं गिरणीत त्याच्यासाठी जागा बोलून ठेवलीय. पोरगं म्हणतंय, धुळा वर आला की जातो. आता सांगा, कुणाला काढू आणि कुणाला घालू?"

 यावर तोडगा सुचला हेडमास्तर रामहरीपंतांना. परातीचा शोध त्यांना लागला होता, आणि तेव्हापासून शाळेच्या नोटिसा, त्यांच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणं, सगळं मास्तरांच्या गळ्यात. ते म्हणाले, "मास्तर, परीक्षेच्या आत ती विहीर बुजवा. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं तर पोरगं आत काय करतंय म्हणून सांगू?"

मास्तर आठवडाभर झोपले नसावेत. मग एका सकाळी गोष्टीचा नवा कागद घेऊन परीस सापडल्यासारखे माझ्याकडे आले. वर अर्ध्या पानात धुळा विहिरीबाहेर येतो. खालच्या अर्ध्यात त्याच्या काखेत एक लोखंडी पेटी असते, विहिरीच्या तळाशी सापडलेली, कुलूपबंद.

"पेटीत काय आहे?" मी विचारलं.

"ते अजून मलाही माहीत नाही. पण पेटी उघडायला दोन वर्षं लागणार, एवढं नक्की."

तो कागद त्यांनी परातीवर दाबून उचलला, तोच रामहरीपंत हजर. चौथीचा गणिताचा पेपर आत्ताच्या आत्ता हवा, परीक्षा उद्या.

"परातीला एक दिवस विश्रांती लागते, साहेब."

"परातीला? मला मिळते का?"

मास्तरांनी ओल्या फडक्यानं परात पुसली, पुन्हा पुसली आणि पेपर काढले. रामहरीपंतांनी परात वाळायला म्हणून एप्रिलच्या उन्हात नेऊन ठेवली. तासाभरात खरवसाची बासुंदी झाली.

दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग इतका शांत होता की मी घाबरून डोकावलो. सगळी मुलं पेपर खिडकीच्या उजेडाला धरून वाचत होती. वरच्या उदाहरणांमधून फिकट जांभळी अक्षरं दिसत होती: धुळा काठावर आला, त्यानं ऊन बघितलं. खाली लांबलचक भागाकार होते, दाट लिहिलेले. त्यांच्याखाली पेटी गाडली गेली.

संध्याकाळी मास्तर मूळ कागद घेऊन चाळीत गेले. मीही बरोबर होतो. गुंडा दारात बसला होता.

"अरे, गोष्ट संपली नाही. पेटी आहे. हे बघ."

गुंडानं कागद उलटसुलट केला. "ह्यो तुमच्या हातचा हाय, मास्तर. छापलेला कुटं हाय?"

"छापणार होतो रे. परात बिघडली."

"छापलेल्यात पेटी न्हाय," गुंडा म्हणाला. त्यानं कागद नीट घडी घालून परत दिला. आतून दगडाबाई म्हणाल्या, "सुटलं एकदाचं लेकरू. बसा, च्या टाकते."

आम्ही चहा घेतला. मास्तरांच्या बशीला जांभळे डाग पडले.

गणितात अख्खा वर्ग नापास झाला आणि मास्तरांची माळशिरसला बदली झाली. गुंडा सोमवारपासून गिरणीत सुताच्या बाबिनी उचलायला लागला. याला आता दहा वर्षं होतील. तो अजून तिथंच आहे.