अस्मिताच्या इंग्रजीसाठी घोडेगावला

ही वही कुणी उघडलीच, तर माझं वाकडं अक्षर आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं.

रविवारी सकाळी बोरीहून निघालो, मी आणि माझी मुलगी अस्मिता. ती नववीत आहे. चाचणीत सरांनी इंग्रजीच्या प्रश्नांचा क्रम बदलला, आणि हिने पाठ केलेली उत्तरं गाईडच्याच क्रमाने लिहिली. सगळी चुकली. वर्ग हसला. तेव्हापासून म्हणते, शाळा बास. तिचे वडील म्हणाले, "मग उद्यापासून कांदं लावाय चल." म्हणून मी तिला घेऊन घोडेगावला निघाले. तिथे माझी मावसबहीण सुमन शाळेत इंग्रजी शिकवते.

आळेफाट्याला एसटी मिळाली. नारायणगावच्या आसपास द्राक्षांच्या बागा दिसल्या. मंचरला गाडी बदलली. पुढे रस्ता डोंगराकडे वळतो. अस्मिता तेव्हा पहिल्यांदा बोलली, "आई, भीमाशंकर तिकडंच ना?"

सुमनने आधी मासवडी वाढली (नाव माशाचं, आत मात्र तीळ-खोबऱ्याचं सारण). मग पुस्तक मागितलं. अस्मिताने धडा न अडखळता वाचला.

"कळला?"

"न्हाई."

"मग उत्तरं कशी लिहितेस?"

"पाठ हायेत."

मी विचारलं, "पुस्तकच वाईट हाय का गं?"

"वाईट न्हाई, आक्का. गोष्टी लई चांगल्या हायेत. पण पोरांना चार वाक्यं बोलता येतात, असं धरूनच ते सुरू होतं. आपल्याकडं कोण बोलतं? खालच्या पायऱ्या आपणच बांधायच्या."

तिने पुस्तक मिटलं. "अस्मिता, आज इथवर कशी आलीस, तेवढं लिही. चुकलं तर चुकू दे."

अस्मिता एकेक शब्द विचारू लागली. शेताच्या पाटाला काय म्हणतात, ते सुमनलाही चटकन आठवेना. दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी अस्मिता हसली.

परतताना मंचरला नाशिकची गाडी मिळाली. आळेफाट्याला थांबते का, हे कंडक्टरला विचारायला माझी जीभ उचलेना. शेवटी अस्मितानेच विचारलं. मग तिने आपली वही मांडीवर घेऊन काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस गं?"

"माझी आई कंडक्टरला भिते."

"इंग्रजीत? कुठल्या धड्यात हाय हे?"

"कुठल्याच न्हाई." ती गालात हसली. "उद्या वर्गात सरांना दाखवणार हाय."

मी वही हातात घेतली. मला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नाही. पण वाक्य खरं होतं.